स्निपेट सापडत नाही, सापडला तर चालत नाही

या वेळी प्रश्न मागवले होते ते रोजच्या कामातल्या छोट्या कोडबद्दल, म्हणजे स्निपेट्सबद्दल, तेच ते चार-पाच ओळींचे तुकडे जे आपण दर प्रोजेक्टला नव्याने शोधत बसतो. पत्रं भरपूर आली, त्यातली निवडक घेतलीयेत. कोड इथे देवनागरीत छापलाय, टाइप करताना नेहमीचंच स्पेलिंग वापरा.

ताई, माझ्याकडे स्निपेट्सचा ढीग आहे, थोडे नोट्स ॲपमध्ये, थोडे बुकमार्क, थोडे स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये. वेळेला एकही सापडत नाही आणि मी परत सर्च मारतो. कुठलं ॲप वापरू?
— ढिगाखाली दबलेला

ॲप बदलून काही होणार नाही, नोट्सची नावं बदला. आपण नोटला नाव देतो ते उत्तराचं, "फ्लेक्स ट्रिक", "कामाचं सीएसएस", "हे भारी आहे". आणि अडकतो तेव्हा उत्तर डोक्यात नसतंच ना, डोक्यात असतं ते लक्षण, की बाबा लांब ईमेल आयडी आला की कार्ड फुटतंय. मग नोटचं नावही तेच ठेवा, "लांब ईमेलने कार्ड फुटतं". शोधताना तुम्ही हेच शब्द टाइप करणार आहात.

माझ्या वहीतली एक नोट जशी आहे तशी देते. ती सीएसएसमधल्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या, फ्लेक्सची आहे, म्हणजे डबे एका ओळीत मांडायच्या पद्धतीची.

लक्षण: फ्लेक्समधला डबा आकसत नाही, फाइलचं लांब नाव बाहेर पडतं, टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस लावूनही तीन टिंबं येत नाहीत.
उपाय: त्या फ्लेक्स आयटमलाच मिन-विड्थ: ०;
का: फ्लेक्स आयटमची मिन-विड्थ मुळात ऑटो असते, शून्य नसते, म्हणजे आतल्या सर्वात लांब शब्दापेक्षा लहान व्हायला तो तयारच नसतो. ग्रिडमध्येही हाच घोळ, तिथे १एफआर ऐवजी मिनमॅक्स(०, १एफआर).
कधी फेकायची: नाही फेकायची, नियमच तसा आहे.

"का" ची ओळ टाळू नका, कारण सहा महिन्यांनी तीच वाचून कळतं की आत्ताचा प्रॉब्लेम तोच आहे की नुसता तसा दिसतोय. आणि शेवटची ओळ लोक लिहीतच नाहीत, म्हणून मग वहीत फ्लोटवाले क्लिअरफिक्स आणि इंटरनेट एक्सप्लोररसाठीचे जुगाड वर्षानुवर्षं पडून राहतात. मायक्रोसॉफ्टने ते ॲप जून २०२२ मध्ये निवृत्त केलं, तुम्हीही त्या नोट्स करा.

पोस्टमनमध्ये एपीआय मस्त चालतो, ब्राउझरमध्ये कॉर्स एरर. कुणीतरी सांगितलं मोड: नो-कॉर्स टाक, टाकलं, एरर गेला पण डेटा रिकामा येतो. दोन दिवस झाले, बॅकएंडवाला म्हणतो माझ्याकडून सगळं ओके आहे.
— वैतागलेली फ्रंटएंडवाली

या महिन्यात सगळ्यात जास्त पत्रं याच विषयावर होती म्हणून जरा सविस्तर. नवख्यांसाठी: पोस्टमन हे सर्व्हरला थेट रिक्वेस्ट पाठवून बघायचं ॲप, एपीआय म्हणजे सर्व्हरकडे डेटा मागायचा दरवाजा, आणि कॉर्स म्हणजे एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचं उत्तर वाचावं की नाही याचा नियम.

पहिलं म्हणजे तो नो-कॉर्स काढून टाका. त्याचा अर्थ "कॉर्स बंद कर" असा नाही, त्याचा अर्थ "मला उत्तर वाचायचं नाहीये, फक्त रिक्वेस्ट पाठव" असा आहे. ब्राउझर तुम्हाला एक बंद पाकीट देतो, स्टेटस ० आणि बॉडी रिकामी. एरर दिसेनासा होतो एवढंच, आणि मग माणूस तासभर जेसन पार्स का होत नाही ते शोधतो.

आता पोस्टमनमध्ये का चालतं, तर कॉर्स हा नियम ब्राउझर पाळतो, सर्व्हर नाही. एका ओरिजिनवरच्या पानाने दुसऱ्या ओरिजिनचं उत्तर वाचावं की नाही हे ब्राउझर त्या दुसऱ्या सर्व्हरला विचारतो, आणि सर्व्हरने ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हेडरमध्ये होकार दिला तरच उत्तर तुमच्या कोडच्या हाती देतो. पोस्टमनला हे काही विचारायचंच नसतं. ओरिजिन म्हणजे प्रोटोकॉल, होस्ट आणि पोर्ट तिन्ही मिळून, त्यामुळे लोकलहोस्ट:३००० आणि लोकलहोस्ट:८०८० हे सरळसरळ वेगळे. म्हणजे उपाय सर्व्हरवरच आहे, तुमच्या फेचमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या जावास्क्रिप्ट फंक्शनमध्ये, काहीही घालून तो होणार नाही.

बॅकएंडवाला खोटं बोलत नसेलही. त्याने हेडर लावलेला असतो आणि तरी चालत नाही, तेव्हा या जागा बघायच्या. नेटवर्क टॅब उघडा आणि तुमच्या रिक्वेस्टच्या आधी एक ऑप्शन्स मेथडची रिक्वेस्ट गेलीये का ते बघा. कंटेंट-टाइप जेसन असेल किंवा ऑथरायझेशन हेडर असेल तर ब्राउझर ही चौकशी आधी करतो, तिला प्रीफ्लाइट म्हणतात. या चौकशीत ब्राउझर टोकन पाठवत नाही, आणि सर्व्हरवर लॉगिन तपासणारं मिडलवेअर (मुख्य कोडच्या आधी रिक्वेस्ट तपासणारा कोड) कॉर्सच्या आधी बसवलेलं असेल तर ते तिलाच ४०१ देऊन हाकलतं. खरी रिक्वेस्ट निघतच नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात, कॉर्सचं मिडलवेअर उचलून वर ठेवायचं, बस.

तिथे सगळं ठीक असेल तर कुकी बघा. क्रेडेन्शियल्स: इन्क्लूड वापरत असाल तर सर्व्हरने ओरिजिनच्या जागी चांदणी (*) पाठवलेली चालत नाही, तिथे नेमकं ओरिजिन लिहावं लागतं आणि सोबत ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-क्रेडेन्शियल्स: ट्रू. ओरिजिन बघून हेडर बदलत असाल तर व्हॅरी: ओरिजिन पण पाठवायला सांगा, नाहीतर मधला कॅशे एकाचं उत्तर दुसऱ्याला देईल.

आणि एक फसवा प्रकार. कधी कधी सर्व्हर आतून कोसळलेला असतो, ५०० येतो, आणि त्या एररच्या पानावर कॉर्सचे हेडर नसतात. कन्सोलमध्ये मात्र लाल अक्षरात कॉर्सच दिसतं आणि दोघंही चुकीच्या गोष्टीवरून भांडत बसतात. म्हणून कन्सोल नंतर, स्टेटस कोड आधी.

सर्व्हर ४०४ देतो तरी फेचचा कॅच ब्लॉक चालतच नाही, बग आहे का? आणि सर्च बॉक्समध्ये भरभर टाइप केलं की जुन्या शब्दाचे रिझल्ट नव्याच्या जागी येतात.
— नवीन जॉइन झालेला

बग नाही, फेचचा स्वभावच तो. सर्व्हरपर्यंत पोचलं आणि काहीतरी उत्तर आलं की फेचच्या लेखी काम फत्ते, मग ते ४०४ असो की ५००. नेटवर्कच गेलं, कॉर्सने अडवलं किंवा तुम्ही रद्द केलं तरच कॅचमध्ये जातो. म्हणून अवेट फेचच्या खालची ओळ ठरलेली, "इफ नॉट रिस्पॉन्स डॉट ओके, थ्रो न्यू एरर", आणि एररमध्ये स्टेटस टाका. हे प्रत्येक ठिकाणी लिहायचा कंटाळा येतो म्हणून एक छोटं फंक्शन करून सगळीकडे तेच वापरा.

सर्चचं दुखणं दोन वेगळ्या गोष्टींचं मिळून झालंय आणि बहुतेक लोक त्यातली एकच दुरुस्त करतात. एक, प्रत्येक अक्षराला रिक्वेस्ट जाते, त्याला डिबाउन्स. फंक्शनच्या बाहेर टायमर नावाचं व्हेरिएबल ठेवा, प्रत्येक कीला आधी क्लिअरटाइमआउट(टायमर), मग टायमर = सेटटाइमआउट(शोध, ३००). माणूस ३०० मिलिसेकंद थांबला की मगच शोध. पण यानंतरही आधीचं उत्तर उशिरा आलं तर ते नव्यावर येऊन बसणारच, कारण उत्तरं त्याच क्रमाने येतील असं कुणी सांगितलंय? त्यासाठी ॲबॉर्टकंट्रोलर. नवा शोध सुरू करण्याआधी जुन्या कंट्रोलरवर ॲबॉर्ट() म्हणा, नवा कंट्रोलर बनवा, त्याचा सिग्नल फेचला द्या. रद्द झालेला फेच कॅचमध्ये येईल ॲबॉर्टएरर नावाने, तेवढा सोडून द्या, नाहीतर युजरला प्रत्येक अक्षराला "काहीतरी चुकलं" असा लाल डबा दिसेल.

आमची साइट मराठीत आहे. बातमीचं शीर्षक २० अक्षरांवर कापलं की शेवटी तुटका पाय किंवा अर्धवट अक्षर येतं. शिवाय सर्चमध्ये "दुसऱ्या" टाकलं तर काही बातम्या सापडतात आणि काही नाही, स्पेलिंग तर डोळ्यांना सेम दिसतंय!
— देवनागरीचा हमाल

हा प्रश्न मला फार आवडला कारण याची उत्तरं कुठल्याही रेडीमेड चीटशीटमध्ये नसतात.

जावास्क्रिप्टला अक्षर कळत नाही. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरं, पण लेंग्थ विचारलीत तर ७ सांगेल, क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. स्लाइस(०, २) केलंत की हातात येतो पाय मोडलेला क्. त्यामुळे फक्त दिसायला कापायचं असेल तर स्ट्रिंगला हातच लावू नका, सीएसएसला कापू द्या: डिस्प्ले: -वेबकिट-बॉक्स, -वेबकिट-बॉक्स-ओरिएंट: व्हर्टिकल, -वेबकिट-लाइन-क्लॅम्प: २, ओव्हरफ्लो: हिडन. नावात वेबकिट असलं तरी फायरफॉक्सलाही चालतं.

स्ट्रिंगच कापायची असेल, समजा नोटिफिकेशनसाठी, तर इंटल डॉट सेगमेंटर आहे. न्यू इंटल.सेगमेंटर('एमआर', ग्रॅन्युलॅरिटी: 'ग्राफीम') आणि मग त्याच्या तुकड्यांतून पहिले २० घ्यायचे. ग्राफीम म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारं एक अक्षर. फक्त जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणाऱ्या जागतिक मानकात) १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरात क् आणि षि वेगळे पडू शकतात. मी ग्राफीमच्या जागी 'वर्ड' लावते आणि शब्दावरच कापते, वाचायलाही तेच बरं दिसतं.

आता "दुसऱ्या". हा ऱ्य दोन पद्धतीने टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर, कोड यू+०९३१, आणि हलन्त टाकतात. काही साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर, यू+२००डी टाकतात. स्क्रीनवर हुबेहूब तेच, डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. नॉर्मलाइझ('एनएफसी') ने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या फंक्शनने, र अधिक नुक्ता असलेला ऱ एक होतो, पण हा जॉइनरवाला होत नाही, तो स्वतः रिप्लेस करावा लागतो: र + हलन्त + जॉइनर दिसला की ऱ + हलन्त. साठवताना एकदा आणि सर्चच्या शब्दावर एकदा, दोन्हीकडे केलंत तरच उपयोग.

जाता जाता, डिझायनरने मराठी शीर्षकाला लेटर-स्पेसिंग दिलं असेल तर काढून टाका, शिरोरेषा तुटून पट्ट्या पट्ट्या दिसतात. लाइन-हाइट १ ठेवून ओव्हरफ्लो हिडन केलंत तर वरच्या मात्रा नि खालचे उकार कापले जातात, दीडच्या आसपास ठेवा. आणि एचटीएमएल टॅगवर लँग='एमआर' लिहा, ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत तिथे ते त्यानेच चालू होतात.

फॉर्ममध्ये ५ मार्च टाकतो, सेव्ह होऊन ४ मार्च दिसतो. मी सध्या सगळीकडे एक दिवस वाढवून टाकलाय.
— तारखेवर तारीख

तो वाढवलेला एक दिवस आजच्या आज काढा, कारण सगळ्यांसाठी तारीख चुकलेली नाही, काहींचीच चुकते. नियम असा विचित्र आहे की न्यू डेट('२०२४-०३-०५') अशी नुसती तारीख दिली तर ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरली जाते, आणि पुढे टी००:०० लावलंत की तीच लोकल मध्यरात्र होते. यूटीसीच्या मागे असलेल्या टाइमझोनमध्ये पहिला प्रकार ४ मार्च दाखवतो. पुढे असलेल्यांची उलटी गंमत, तिथे लोकल मध्यरात्रीला टूआयएसओस्ट्रिंग() लावलं की ४ तारीख सर्व्हरला जाते. तुमचं बहुतेक हेच होतंय.

जन्मतारीख, सुट्टी, मुदत अशा गोष्टींना वेळ नसतेच, मग त्यांचं डेट ऑब्जेक्ट करायचंच कशाला, '२०२४-०३-०५' ही स्ट्रिंग इनपुटमधून घ्या आणि तशीच सर्व्हरला द्या. बनवावंच लागलं तर तुकडे करून न्यू डेट(२०२४, २, ५). हो, मार्चला २, महिने शून्यापासून आणि तारखा एकपासून. हे १९९५ मध्ये जावाच्या डेटवरून जसंच्या तसं उचललेलं आहे, जावाने त्यातल्या बऱ्याच मेथड नंतर लवकरच मोडीत काढल्या, आपल्या गळ्यात मात्र ते अजून आहे.

मोडलला झेड-इंडेक्स ९९९९९ दिलाय तरी हेडरच्या खालीच जातोय, अजून किती नऊ टाकू?
— नऊ संपले

नऊ कितीही टाका. मोडल म्हणजे पानावर उघडणारी चौकट, आणि झेड-इंडेक्स म्हणजे कोण वर, कोण खाली याचा आकडा. मोडलच्या एखाद्या पूर्वज डिव्हला ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी असणार, त्याने नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट (थरांचा वेगळा गठ्ठा) तयार होतो आणि तुमचे ९९९९९ त्या डिव्हच्या आतल्या आतच मोजले जातात. बाहेर स्पर्धा त्या डिव्हची आणि हेडरची. सरळ मार्ग म्हणजे डायलॉग टॅग घ्या आणि शोमोडल() ने उघडा, तो ब्राउझरच्या टॉप लेयरमध्ये जातो, तिथे झेड-इंडेक्सचा संबंधच उरत नाही, एस्केपने बंद होणंही फुकटात मिळतं.

मोबाइलवर खालचं बटण ॲड्रेस बारखाली जातं, हाइट १००व्हीएच दिलीये.
— अंगठा दुखला

१००व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) लिहा आणि त्याच्या खालच्या ओळीत १००डीव्हीएच, ही उंची ॲड्रेस बार दिसला-लपला की बदलते. जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडून देईल. स्क्रोल करताना पान हलल्यासारखं वाटत असेल तर डीच्या जागी एस, म्हणजे १००एसव्हीएच.

गिट रिसेट --हार्ड मारलं आणि कालचे कमिट गेले. रडू का?
— घामाघूम

कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) नोंदवलेलं, असेल तर नाही. गिट रीफ्लॉग चालवा, हेड कुठे कुठे होता त्याची यादी येते, कालच्या कमिटचा हॅश (ओळखीचा कोड) घ्या आणि गिट ब्रँच वाचवलं असं लिहून पुढे तो हॅश, 'वाचवलं' हे नव्या ब्रँचचं नाव. परत रिसेट मारत बसू नका, आधी ब्रँच, मग शांतपणे बघा. कुठल्याच ब्रँचवर नसलेल्या अशा नोंदी गिट डिफॉल्टने ३० दिवस ठेवतं, तेव्हा घाई नाही पण पुढच्या महिन्यावरही टाकू नका. कमिट न करता फक्त गिट ॲड केलं होतं तर गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड, यात फाइलींची नावं मिळत नाहीत, मजकूर मिळतो. ॲडही केलं नसेल तर गिटकडे काहीच नाही, एडिटरची लोकल हिस्टरी उघडून बघा, तिथे बरेचदा असतं.

एचटीटीपी स्टेटस कोडपैकी पाठ करावेत असे कुठले?
— परीक्षार्थी

पाठ नका करू, जोड्या लक्षात ठेवा. ४०१ म्हणजे तू कोण ते कळलं नाही, ४०३ म्हणजे कळलं पण परवानगी नाही. ५०२ म्हणजे मागच्या सर्व्हरने मधल्याला भलतंच काही दिलं, ५०४ म्हणजे काही दिलंच नाही. ४२९ आलं तर रिट्राय-आफ्टर हेडर बघून तेवढं थांबायचं, लूपमध्ये परत परत मारायचं नाही. आणि ३०१ जपून, तो ब्राउझर कॅशे करून ठेवतो, चुकीचा पाठवला तर सर्व्हरवर दुरुस्त करूनही लोक जुन्याच पत्त्यावर उड्या मारतात, म्हणून टेस्टिंग होईपर्यंत ३०२ ठेवा. पोस्ट रिक्वेस्ट वळवायची असेल तर ३०७ किंवा ३०८, नाहीतर वाटेत तिची गेट होऊ शकते. ४१८ "मी चहाची किटली आहे" हा १ एप्रिल १९९८ चा विनोद, इंटरव्ह्यूत विचारला तर हसा.

ईमेल तपासायला एकदम परफेक्ट रेजेक्स द्या ना.
— शेवटचा प्रश्न

देत नाही. दोन-तीन ओळींचे जे रेजेक्स, म्हणजे मजकुराचा साचा तपासणारे नियम, फिरतात ते अधिक चिन्ह असलेले किंवा लांब डोमेनचे चांगले पत्ते नाकारतात आणि टायपो असलेले खुशाल आत घेतात. इनपुटला टाइप='ईमेल' द्या, ब्राउझरचा साधा नियम पुरतो, फक्त तो नियम टिंब मागत नाही, ॲटच्या पुढे नुसतं एक नाव असलं तरी पास करतो, ते खटकत असेल तर तेवढी एक तपासणी सर्व्हरवर घाला. पत्ता खरा की नाही हे त्यावर पाठवलेली लिंक उघडली गेली तरच कळतं. आणि सर्व्हरवर ट्रिम करा, टाइप ईमेल असेल तर कडेची स्पेस ब्राउझर स्वतः काढतो, पण एक्सेलमधून आलेल्या यादीत आणि थेट एपीआयवर आलेल्या डेटात ती तशीच येते.